धुराच्या तीन रात्री

सदा,

आपलं भांडण अर्धवट टाकून तू गेलास. लोक समाचाराला येतात, पडवीत बसतात, सदानंद किती शांत, कोणाच्या अध्यात नाही की मध्यात नाही, असं म्हणतात. मी मान हलवतो. यांच्यापैकी एकानंही तुझ्याबरोबर आकडेमोड केलेली नाही. मी तालुका कचेरीत हेडक्लार्क आहे. बांधाच्या हातभर जमिनीसाठी बापापासून मुलापर्यंत दावा चालवणारी माणसं मी रोज पाहतो. तुझ्याएवढा हट्टी त्यांच्यातही नाही.

तुला जाऊन अजून महिना झाला नाही. पाऊस धरून आहे. तुझी दुर्बीण पडवीच्या कोपऱ्यात मेणकापडाखाली उभी आहे आणि आक्कानं आरशाच्या डब्यात भाजलेल्या तांदळाची पुरचुंडी ठेवली आहे, दमट हवेनं आरसा खराब होऊ नये म्हणून. ती पुरचुंडी दर आठवड्याला बदलायची हे तू तिला कधी शिकवलंस मला माहीत नाही. ती बदलते आहे.

मी तुला लिहितोय याचं कारण दुःख एवढंच नाही. पुण्याच्या प्राध्यापकांनी समाचाराचं पत्र पाठवलं, आणि खाली विचारलं की आकाशातल्या धुळीच्या ढगाच्या अंतराचा लेख पूर्ण झाला होता का. झाला असेल तर दसऱ्यापूर्वी पाठवा, आमच्या नियतकालिकाच्या यंदाच्या अंकात तुझ्या नावानं छापू. उत्तर मी द्यायचं होतं. तू बरोबर होतास असं धरून द्यायचं की मी बरोबर होतो असं धरून द्यायचं, हे ठरल्याशिवाय एक ओळ लिहिता येत नव्हती. हा तिढा तू माझ्या गळ्यात घालून गेलास.

गोवा मोकळा झाला त्या हिवाळ्यात तू परत आलास. दक्षिणेतल्या वेधशाळेतली नोकरी का सोडलीस, ते आक्कानं तीनदा विचारलं. तू एवढंच म्हणालास, "थय माका दुसऱ्यांचे तारे मोजूचे लागत." सामानात एक ट्रंक आणि एकुलत्या एका लोकरी स्वेटरमध्ये गुंडाळलेली काचेची नळी. आक्काला वाटलं औषधाची बाटली आहे, तुला काहीतरी झालंय आणि तू लपवतोयस. ती रडायला लागली, तेव्हा तू ती नळी तिच्या हातात दिलीस आणि सांगितलंस की हिच्यावर ताऱ्याचा उजेड पडला की वीज निघते, आणि ती वीज मोजली की उजेड मोजला. आक्का म्हणाली की मग हिला घालायला स्वेटर कशाला, तूच घाल.

माझी तुझी गाठ त्या नळीमुळे पडली. तोवर तू माझा मेव्हणा होतास, बायकोचा धाकटा भाऊ, सुट्टीत येणारा. चार दिवसांनी तू माझ्याजवळ आलास आणि म्हणालास, "भावोजी, तुमका लॉगॅरिदम आठवतत?" आठवत होते. मॅट्रिकला गणितात मला कोणी मागे टाकलं नव्हतं, आणि त्यानंतर त्या गणिताचा उपयोग करायची वेळ माझ्यावर कधी आली नव्हती. हे तुला कोणी सांगितलं होतं का, की तू अंदाजानं विचारलंस?

मग तू मला खाडीवर नेलंस. काळोख पडत होता. पलीकडे कोणाच्या तरी दारात कंदील लागला होता. "पलतडी कंदील दिसता," तू म्हणालास. "तो मुळातच बारीक आसा, काय लांब आसा, काय मधी धूर आसा? सांगा बघू." मी म्हटलं, सांगता येणार नाही, एका आकड्यातून तीन अज्ञात निघत नाहीत. तू इतका खूश झालास की जणू मी उत्तर दिलं होतं.

आणि मग उत्तर तू दिलंस. कंदील तीन रंगांच्या काचांतून मोजायचा. तारा गरम असेल तर जातीनं निळसर, थंड असेल तर जातीनं तांबूस. पण निळसर तारा धुळीच्या मागे गेला की तोही तांबूस दिसतो. नुसत्या पिवळ्या आणि निळ्या काचेतून पाहिलं तर हे दोघे सारखेच. तिसरी काच लावायची, डोळ्याला दिसत नाही त्या जांभळ्यापलीकडच्या रंगाची, की त्यांच्यातला फरक उघड होतो. मग तारा कोणत्या जातीचा ते कळतं. जात कळली की तो मुळात किती तेजस्वी ते कळतं, धुळीनं किती खाल्लं ते कळतं, आणि उरलेला जो मंदपणा, तो अंतरामुळे.

कृत्तिका आणि रोहिणी यांच्या आसपास आकाशात काळे डाग आहेत, तिथे तारे कमी दिसतात. ती भोकं नाहीत, तो धुळीचा ढग आहे, हेही तूच दाखवलंस. तुला त्या ढगाचं अंतर काढायचं होतं. त्या दिशेच्या प्रत्येक ताऱ्याचं अंतर आणि तांबूसपणा कागदावर मांडायचा. ढगाच्या अलीकडचे तारे स्वच्छ दिसणार, पलीकडचे तांबूस. तांबूसपणा जिथून सुरू होतो, तिथे ढग. मला ते इतकं पटलं की त्या आठवड्यात कचेरीतले साधे गोषवारे करताना माझा हात दोनदा थांबला. सदा, पन्नाशीला टेकलेल्या माणसाला नवीन काही पटवून देणं सोपं नसतं. त्याबद्दल मी तुझे आभार कधी मानले नाहीत. घरात आपण मानत नाही.

वीज आपल्या वाडीत नव्हती. नळीला नऊशे व्होल्ट लागत. तू रेडिओच्या नव्वद व्होल्टच्या दहा बॅटऱ्या एकापुढे एक जोडल्यास आणि आक्काला बजावलंस की या खोक्याला हात लावलास तर भावोजींना दुसरी बायको बघावी लागेल. आक्का म्हणाली की दुसरी आली तर ती तुला जेवायला घालणार नाही, हेही लक्षात ठेव. नळी गार ठेवावी लागे, नाहीतर अंधारातही ती आपली आपण वीज देत राही. म्हणून तू दुपारी सायकलनं मालवणच्या बंदरावर जाऊन माशांच्या व्यापाऱ्यांकडून भुशातला बर्फ आणायचास. एकदा आक्कानं दुर्बिणीला नाक लावून पाहिलं आणि म्हणाली, "तुझ्या ताऱ्यांका बांगड्यांचो वास येता." तू तो विनोद पुण्याच्या प्राध्यापकांना इंग्रजीत सांगायला गेलास. ते हसले नाहीत, त्यांनी बर्फाचं तापमान विचारलं.

कामाची रीत मात्र माझी, हे तू मान्य करशील. तू डोळा लावून तारा नळीवर आणायचास आणि काचा बदलायचास. मी लाल फडकं बांधलेल्या कंदिलाशी बसून मीटरचा काटा वाचायचो. आधी ढगाच्या दिशेचा तारा, मग ज्याचा उजेड पक्का माहीत आहे असा शेजारचा तारा, मग रिकामं आकाश. रविवारी आकडेमोड. दोघांनी वेगवेगळी करायची, एकमेकांचा कागद बघायचा नाही, आणि शेवटी ताडायचं. कचेरीत आम्ही असंच करतो. ताळा जमला नाही की मी वैतागायचो आणि तुझा चेहरा उजळायचा. तू म्हणायचास की चूक सापडली तर आनंद व्हायला हवा. दुसऱ्या हिवाळ्यात नळीच्या बुडाशी खारी ओल शिरून वीज झिरपत होती, हे तुला उशिरा कळलं. त्या दिवशी तू सबंध महिन्याची मोजमापं एका रेघेनं खोडलीस. मी म्हटलं, निम्मी तरी ठेव. तू म्हणालास, ओल कोणत्या रात्री शिरली ते माहीत नाही, म्हणजे सगळ्याच गेल्या. हे लक्षात ठेव, सदा. याच माणसाशी पुढे मला भांडावं लागलं.

चांदण्यात मंद तारे मोजता येत नाहीत, म्हणून आपल्याला काळोखाचा पंधरवडा लागे. आणि नेमका त्याच दिवसांत, हिवाळा सरताना, गाव भाजावळ करतो. भाताची रोपं करायच्या तरव्याच्या जमिनीवर पालापाचोळा, झाडांच्या तोडलेल्या फांद्यांची कवळ आणि शेण पसरून पेटवून द्यायचं, की पावसात रोपं जोमानं येतात आणि तण मरतं. ज्यांचं पोट त्या भातावर आहे त्यांना तारे सांगून काय उपयोग? पण तू गेलास. घरोघर गेलास. भाजावळ चांदण्या पंधरवड्यात करा, एवढंच मागणं. रात्रीचा वारा डोंगराकडून समुद्राकडे वाहतो आणि सगळा धूर आपल्या खळ्यावर, अंगणात लावलेल्या दुर्बिणीपुढे आणतो, हे तू प्रत्येकाला काडीनं मातीवर चित्र काढून समजावलंस.

भिवानं तुला उभं ठेवून सगळं ऐकून घेतलं. शेजारी जमीन त्याचीच सर्वांत मोठी. तो म्हणाला, "सदानू, तुझ्या ताऱ्यांका पोट नाय. आमका आसा." तू तसाच उभा राहिलास. शेवटी तोच कंटाळला. "बरा, जा. चांदणा पडला काय जाळतंय. काळोख तुझो, चांदणा माझा." आणि त्यानं ते पाळलं. दोन हिवाळे सबंध वाडीनं पाळलं. कोणी तुझी टिंगल करायचं राहिलं नाही, पण काळोखात कोणी पेटवलं नाही. ही माणसं समाचाराला येऊन तुला शांत म्हणतात तेव्हा मला त्यांचा राग येत नाही. त्यांनी त्यांच्या परीनं तुझं काम केलं आहे.

तिसऱ्या हिवाळ्याच्या सुरुवातीला पुण्याचे प्राध्यापक आले. आपला आलेख त्यांनी ओटीवर पसरून पाहिला. तीनशे प्रकाशवर्षांपर्यंतचे तारे स्वच्छ. सातशेपासून पुढचे सगळे तांबूस. मध्ये कोरा कागद. ते म्हणाले, काम उत्तम आहे, पण ढग या कोऱ्या जागेत कुठेही असू शकतो, मधले तारे मोजा. तू अकरा तारे निवडलेस. मग तुला ताप आला, मग आभाळ आलं, मग एक बॅटरी बसली. हातात राहिला फक्त शिवरात्रीच्या आसपासचा काळोख. त्यानंतर रोहिणी पश्चिमेला उतरते आणि वर्ष जातं.

त्या पंधरवड्यापूर्वी तू पुन्हा वाडीभर फिरलास. सगळ्यांनी होकार दिला. तू मालवणला बर्फ आणायला गेलास, मी कचेरीत होतो. संध्याकाळी मी वळणावर पोचलो तर डोंगराच्या कडेनं निळा धूर उतरत होता. मला वाटलं, भिवानं शब्द मोडला. मी तावातावानं त्याच्या दारात गेलो. तो खळ्यात विडी ओढत बसला होता. त्यानं बोटानं दाखवलं. धूर आपल्या तरव्यातून येत होता.

आंगणेवाडीच्या जत्रेचा दिवस पंचांगावर ठरत नाही, देवीचा कौल मिळाला की ठरतो. त्या वर्षी तो लवकर ठरला. आपले गडी मसुऱ्याकडचे, जत्रा त्यांच्याच गावची. ते सकाळी येऊन आक्काला म्हणाले की आज जाळून घेतो, नाहीतर जत्रेनंतर आम्ही कधी येऊ ते सांगता येत नाही. आक्का हो म्हणाली. तिनं का नाही म्हणावं? वाडीतल्या प्रत्येक घराला तू सांगितलं होतंस. आपल्या घरात तू सांगितलं नाहीस, मी सांगितलं नाही. घरात सांगावं लागतं हे कोणाच्या मनातच आलं नाही. आक्काला वाटत होतं की लोकांचा धूर तुला नको असतो, आपल्याला आपल्या सोयीनं जाळायला तू काहीतरी तोड काढली असशील. हे तिनं मला नंतर सांगितलं, आणि त्यात तिचं काय चुकलं ते मला अजून सांगता येत नाही.

तू सायकल टेकवलीस, धूर पाहिलास. बर्फ भरायला लागलास. मी म्हटलं, आज नको. तू म्हणालास, बघूया. शेण आतल्या आत धुमसत राहतं. तीन रात्री धूर निघाला, तीन रात्री तू मोजलंस, आणि काटा मी वाचला. त्या अकरा ताऱ्यांची सगळी मोजमापं त्या तीन रात्रींची. चौथ्या दिवशी हवा स्वच्छ झाली तर ढग आले, ते काळोख संपेपर्यंत हलले नाहीत.

इथून आपलं भांडण. धूर आणि आकाशातली धूळ एकच काम करतात, निळा उजेड गिळतात आणि तांबडा सोडतात. आपण आयुष्याची तीन वर्षं जे मोजायला बसलो होतो, त्याचीच नक्कल आपल्या तरव्यातून वर येत होती. तुझं म्हणणं, धूर सगळ्या ताऱ्यांपुढे सारखा, शेजारचा पक्का तारा दर खेपेला मोजला आहे, त्याला जेवढं खाल्लं तेवढं वजा करायचं, झालं. तू वजा केलंस आणि आलेख काढलास. साडेचारशे प्रकाशवर्षांपाशी तांबूसपणा एका पायरीनं वर चढत होता. सुंदर आलेख होता तो. मी खोटं बोलणार नाही, इतकी स्वच्छ पायरी मी कागदावर कधी पाहिली नव्हती.

माझं म्हणणं, धूर सारखा नव्हता. तो पट्ट्यापट्ट्यांनी येत होता. पक्का तारा पाठोपाठ दोनदा मोजला तर दोन आकडे वेगळे, आणि त्यांच्यातला फरक आपण शोधत होतो त्या तांबूसपणाहून मोठा. ज्या फूटपट्टीची लांबी मोजताना बदलते, तिच्यानं काय मोजायचं? तू म्हणालास, सरासरी घ्या. मी म्हटलं, पक्क्या ताऱ्याची सरासरी घेऊन दुसऱ्या ताऱ्यापुढचा धूर कसा कळेल, तो दुसऱ्या मिनिटाचा धूर होता. तू परत पहिल्यापासून सुरू केलंस. होळी झाली, पाडवा झाला. मी माझी आकडेमोड तुझ्याशी ताडायला नाकारली, कारण त्या तीन रात्री मी हिशोबात धरल्याच नव्हत्या. मी म्हटलं, दोन्ही उत्तरं लिही, तीन रात्री धरून आणि सोडून. तू म्हणालास, "दोन आकडे सांगता, तेका एकव ठावक नसता." मी म्हटलं, मग पुढच्या हिवाळ्यापर्यंत थांब. त्यावर तू खिडकीबाहेर बघत बसलास.

ते बघणं मला आता छळतं. तुझे पाय तेव्हा सुजत होते का? मूत्रपिंडाचं दुखणं डॉक्टरांना जेठात कळलं. तुला आधी कळलं होतं का? पुढचा हिवाळा आपला नाही हे माहीत असल्यामुळे तू हट्टाला पेटला होतास, तर तसं बोलायचं होतंस. मी तरीही नाहीच म्हटलं असतं. पण इतक्या कडवट आवाजात म्हटलं नसतं. अंथरुणावरसुद्धा तू मला विचारलंस की पट्ट्यांच्या धुराचं काही गणित सुचलं का. मी म्हटलं, नाही. हे आपलं शेवटचं बोलणं. नंतर तू दोन दिवस होतास, पण बोलणं नव्हतं.

एकच मला समजत नव्हतं. ओलीसाठी महिना खोडणारा माणूस धुराच्या तीन रात्री का खोडत नाही? उत्तर पाहिजे म्हणून आकडे वळवणारा तू नव्हतास. ते समजलं परवा.

परवा आक्का चुलीपाशी सुपात कोकमाची सोलं निवडत होती. पुण्याच्या पत्रात काय आहे ते तिनं विचारलं. मी सांगितलं की लेख मागितलाय, एका बाबतीत अडलंय. बाबत कोणती ते सांगितलं नाही. तिनं मान वर न करता म्हटलं, "त्यो तीन राती काढून टाका."

"कोणी सांगल्यान तुका?"

"माका कोणी सांगूक होया? धूर मी केलंय."

मग तिनं सांगितलं. पहिल्या रात्री, मी झोपल्यावर, तू तिच्याकडे गेला होतास. ती जागीच होती, तिला वाडीतून कळलं होतं की तिनं काय करून ठेवलं. तू तिच्याजवळ बसलास आणि तिला सांगितलंस की धुरानं काहीएक बिघडलं नाही, उलट धूर वजा करायची रीत सापडली.

"बोलताना कानाची पाळी धरल्यान होती," आक्का म्हणाली. "खोटा बोलता तेवा तो पाळी धरता. चार वर्षांचो होतो तेवापासून. मी म्हटलंय, बरा झाला हां. नायतर तो रातभर थयच बसान रवलो असतो."

तिनं सोलांचं सूप बाजूला ठेवलं.

म्हणजे हे असं होतं, सदा. आक्काला वाईट वाटू नये म्हणून तू एका रात्री खोटं बोललास, आणि ते खरं करून दाखवायला पुढे चार महिने माझ्याशी भांडलास. तीन रात्री खोडल्या असत्यास तर का खोडल्या हे घरात सांगावं लागलं असतं. आणि आक्काला सगळं पहिल्यापासून माहीत होतं. तुला वाईट वाटू नये म्हणून ती गप्प. मला दोघांपैकी कोणी काही सांगितलं नाही, म्हणून मी तुझ्याशी धुराच्या पट्ट्यांवर वाद घालत बसलो. एका छपराखाली आपण तिघं जेवत होतो. मला याचा संताप येतो, आणि तो काढायला जागा नाही. आक्कावर काढता येत नाही. तू नाहीस.

आणि संतापातही मला हे लिहायलाच हवं की दुसरा कोणी असता तर त्या संध्याकाळी तिच्यावर ओरडला असता. मी ओरडलो असतो. तीन वर्षांचं काम आणि वर्षातले शेवटचे काळोखाचे दिवस. तू बर्फ भरलास.

काल मी बसून सगळं पुन्हा केलं. तीन रात्री वगळून. या वेळी दुसरी प्रत ताडायला कोणी नव्हतं, म्हणून मीच एकदा वरून खाली आणि एकदा खालून वर केली. आलेखात मध्ये पुन्हा कोरा कागद आला. लेखात मी लिहिलं आहे की ढग तीनशे आणि सातशे प्रकाशवर्षांच्या दरम्यान आहे, आणि या मोजमापांवरून याहून नेमकं अंतर सांगता येत नाही. खाली टीप दिली आहे की आणखी अकरा ताऱ्यांची मोजमापं धुरामुळे वगळली. धूर कोणाचा ते लिहिलेलं नाही. शास्त्रात ते लागत नाही. लेखावर नाव तुझं एकट्याचं आहे.

पाकीट बंद करण्यापूर्वी आक्कानं विचारलं, "मगे किती लांब आसा तो ढग?"

मी सांगितलं, तीनशे आणि सातशेच्या मध्ये कुठेतरी.

"ह्यां सदान काढल्यान?"

मी म्हटलं, होय, तीनशेच्या अलीकडे नाही आणि सातशेच्या पलीकडे नाही, हे त्यानंच काढलं. त्याच्यापूर्वी या घरात कोणाला तो ढग आहे हेसुद्धा माहीत नव्हतं. आक्का म्हणाली, "तितक्याच लिवा," आणि डिंकाची बाटली माझ्यापुढे सरकवली.

आज सकाळी पावसात जाऊन पाकीट टाकून आलो. तुझी संमती घेतलेली नाही. मिळाली नसती हेही मला ठाऊक आहे.

एक गोष्ट उरते. मोठ्या दुर्बिणी असलेली माणसं तो ढग कधीतरी पुन्हा मोजतील. धूर नसलेल्या कुठल्यातरी डोंगरावरून मोजतील, आणि त्यांचं उत्तर साडेचारशे येईल, असं मला राहून राहून वाटतं. ती पायरी फार स्वच्छ होती. तसं झालं तर मला आनंद होईल, तुझा आकडा बरोबर होता हे मी वाडीभर सांगेन, भिवाच्या दारात जाऊन सांगेन. आणि तरीही म्हणेन की त्या तीन रात्रींवरून तो आकडा निघत नव्हता. एवढं ऐकून घ्यायला तरी तू असायला हवा होतास.